शेजाऱ्याची बोली आणि आपले ऋण

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा मराठी माणसाला झालेला आनंद रास्तच होता. परंतु त्या निमित्ताने एक प्रश्न मनात उभा राहतो. जिला स्वतःची लिपी नाही, ग्रंथ नाहीत, राजाश्रय नाही, जी केवळ चुलीपाशी, शेतात आणि लग्नाच्या मांडवात बोलली जाते, अशी एखादी बोली लोप पावली तर त्यात काही अन्याय घडतो काय? आणि घडत असेल, तर त्याचे उत्तरदायित्व कोणावर?

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झालेला पालघर जिल्हा बोलींनी संपन्न आहे. डोंगरपट्टीत वारली, कातकरी, कोकणा. किनाऱ्यावर मांगेली आणि वाडवळी. दक्षिणेस वसईत सामवेदी, म्हणजेच कादोडी. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठी खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वारली, कातकरी, वाडवळी आणि सामवेदी यांची नोंद आहे. त्यानंतर या भूमीचे रूप पालटले. १९६९ साली तारापूरला देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले, बोईसरला कारखाने उभे राहिले, देशभरातून कामगार आले. केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली. गाव उठते तेव्हा शेजार विखुरतो, आणि बोली तर शेजाराच्या आधारानेच जगते. आज कारखान्याच्या फाटकावर हिंदी, शाळेत मराठी आणि स्वप्नात इंग्रजी. पाड्यावरच्या मुलाने आपली बोली न्यावी तरी कुठे?

काही सुज्ञ मंडळी म्हणतात, भाषा हे विचारांचे वाहन आहे. जुने मोडले तर माणूस नव्यात बसतो, त्यात शोक कसला? या युक्तिवादाला वारली चित्रकला हेच उत्तर आहे. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि ती कला जगभर पोहोचली. पण वारली लग्नात भिंतीवर चौक लिहिला जातो, त्यात पालघाट देवी येते, आणि त्या लग्नाचे विधी धवलेरी आपल्या गाण्यांनी पार पाडते. चित्र आणि गाणे ही एकाच विधीची दोन अंगे आहेत. आपण चित्र उचलून दिवाणखान्यात आणले आणि गाणे पाड्यावरच ठेवले. धवलेरीचा शब्द कळणारे कोणी उरले नाही, तर भिंतीवरची देवी केवळ नक्षी होईल. वाहन मोडल्यावर प्रवासी सुखरूप उतरतो, असे प्रत्येक वेळी घडत नाही.

मग बोलीला मारतो कोण? आपण सहज राजसत्तेकडे बोट दाखवतो. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावी. कोंकणी मेली नाही. १९९२ साली तिला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. याउलट वसई ते मुंबई या उत्तर प्रांतात ख्रिस्ती लोकांमध्ये एक पोर्तुगीजमिश्रित बोली रूढ होती. गोव्याचे विद्वान धर्मगुरू मॉन्सिन्योर दालगाद यांनी १९०६ साली तिचे वर्णन केले. तिच्यावर बंदी घालणारे फर्मान कोणी काढले नाही, तरीही मुंबई-वसईतून ती नाहीशी झाली. त्या कुळातली बोली कोर्लईसारख्या एका लहान गावात मात्र, १७४० साली पोर्तुगीज निघून गेल्यानंतरही, आजवर टिकली. कारण तेथील आया मुलांशी तीच बोलत राहिल्या. फर्मानापेक्षा घरातले मौन अधिक प्रभावी ठरते, हा याचा अर्थ.

हे मौन कसे येते, याचे उदाहरण जगाच्या दुसऱ्या टोकाला सापडते. पापुआ न्यू गिनी या एका देशात आठशेहून अधिक भाषा आहेत. तेथील गापुन या छोट्या गावाची तायाप ही भाषा जगातील इतर कोणत्याही भाषेशी नाते सांगत नाही. डॉन कुलिक हे मानवशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात तेथे जाऊन राहिले. त्यांना आढळले की मुले तायाप बोलेनाशी झाली आहेत. कोणी तसे ठरवले नव्हते. मळ्यांवर मजुरीला गेलेले पुरुष टोक पिसिन ही व्यवहारभाषा शिकून परतले. हळूहळू ती ज्ञानाची, प्रगतीची आणि धर्माची भाषा समजली गेली, आणि तायाप मागासलेपणाची. आया मुलांशी टोक पिसिनमध्ये बोलू लागल्या. गापुनचे लोक कॅथलिक आहेत, ही गोष्ट आपण नजरेआड करू नये. श्रद्धा परक्या भाषेचे वस्त्र लेवून आली, की घरची भाषा देवालाही कळत नसावी असे भोळ्या माणसाला वाटू लागते.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. वारली आईला आपल्या मुलाने मराठी, इंग्रजी शिकून पोट भरावे असे वाटले, तर तिला अडवणारे आपण कोण? हा आक्षेप खरा आहे. हक्क भाषेला नसतो, माणसाला असतो. आपल्या कौतुकासाठी कोणाच्या मुलांना संग्रहालयातील वस्तू करणे हेही पापच. पण निवड मुक्त असावी लागते. ज्या मुलाच्या उच्चाराला वर्ग हसतो, त्याने बोली ‘सोडली’ असे म्हणता येत नाही. ती त्याच्याकडून सोडवून घेतली गेली. अन्याय बोलीच्या मरणात नाही, तो त्या लज्जेत आहे, आणि लाज लावणारे हात शेजाऱ्यांचे, म्हणजे आपले असतात.

शिवाय दोहोंतून एकच निवडावे लागते, हे गृहीतकच चुकीचे आहे. न्यूझीलंडमधील माओरी भाषा क्षीण होत चालली, तेव्हा १९८२ पासून त्या समाजाने ‘भाषेची घरटी’ उभारली. आजी-आजोबा तेथे लहानग्यांशी माओरीत बोलू लागले. ती मुले इंग्रजीलाही मुकली नाहीत. आपल्याला हे अनोळखी वाटू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम आरंभले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा पाड्याच्या अंगणात आणि गुरांच्या कुरणात न्यावी, हा विचार आपल्याच जिल्ह्यात रुजला. त्या अंगणात पाड्यावरच्या आजीने तिच्याच शब्दांत गोष्ट सांगावी, यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

चर्चलाही येथे आत्मपरीक्षण करावे लागेल. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेचे दार लोकभाषांना उघडले, आणि आपण लॅटिनमधून मराठीत आलो. परंतु डोंगरपट्टीतील श्रद्धावंताला प्रमाण मराठी हीसुद्धा पुष्कळदा शाळेची, कचेरीचीच भाषा असते. संत मार्कने शुभवर्तमान प्रतिष्ठित ग्रीक भाषेत लिहिले. तरी ‘अब्बा’, ‘एफ्फाथा’ हे येशूच्या मातृभाषेतील शब्द त्याने तसेच राहू दिले. त्यांचा अर्थ त्याला ग्रीकमध्ये ठाऊक होता, त्याने तो सांगितलाही. पण मूळ शब्द पुसला नाही.

तेवढे आपल्यालाही करता येईल. आजाऱ्याच्या खाटेपाशी, अंत्यविधीत, बालवाडीत समोरच्याची बोली ऐकून घेता येईल, तिच्यातले चार शब्द शिकता येतील. वारली वा कातकरी पुढे जगेल की नाही, हे ती बोलणारेच ठरवतील. तिची लाज वाटण्याचे कारण मात्र त्यांना आपल्याकडून मिळू नये. शेजाऱ्याचे एवढे ऋण फेडता येण्याजोगे आहे.