विजेत्याविरुद्धचा नियम

नियम बदलताना तो कोणास जाचणार हे नियमकर्त्यांना आधीपासूनच ठाऊक असेल, तर त्या नियमास न्याय्य म्हणावे काय, हा प्रश्न बर्फावरील व्यावसायिक हॉकी चालवणाऱ्या उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या इतिहासात दोनदा ठळकपणे उभा राहिला. आणि तो वरकरणी क्रीडेचा दिसला तरी मूलतः दंडनीतीचा आहे.

१९५६ पूर्वी किरकोळ कसुरीबद्दल बाहेर काढलेल्या खेळाडूस, त्याच्या गैरहजेरीत प्रतिपक्षाने कितीही गोल चढवले तरी, दोन मिनिटे पुरी होईपर्यंत शिक्षेच्या बाकावर बसून ते निमूटपणे पाहावे लागे. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी बोस्टनचे दोन गडी असे बसलेले असताना मॉन्ट्रियलच्या जाँ बेलिव्होने अवघ्या ४४ सेकंदांत तीन गोल केले. आणि पुढच्याच हंगामापासून, एक गोल होताच शिक्षा झालेल्या गड्यास परत येण्याची मुभा देणारी दुरुस्ती अमलात आली. ती मॉन्ट्रियलच्या पराक्रमास वेसण घालण्यासाठीच झाली, हा आक्षेप निराधार नाही. तथापि कौटिल्याने पुरस्कारिलेल्या यथार्हदंडाच्या, म्हणजे अपराधाच्या प्रमाणात दंडाच्या, दृष्टीने पाहता, एकाच कसुरीची किंमत दुबळ्या संघासमोर शून्य आणि बलाढ्यासमोर तीन गोल भरावी, हा जुन्या कायद्यातला दोष खराच होता. शिवाय गंभीर कसुरीची पाच मिनिटे पूर्वीप्रमाणे पूर्णच भोगावी लागत. करणाऱ्यांच्या मनात मत्सर असेलही, पण दुरुस्तीचे कारण त्या मत्सराहून स्वतंत्रपणे उभे राहते. मॉन्ट्रियलने पुढे १९६० पर्यंत सलग चार वेळा स्टॅन्ले चषक जिंकला ही गोष्ट मात्र मी पुराव्यात धरीत नाही, कारण ज्याच्यावर अन्याय झाला तो तरीही जिंकला, एवढ्याने अन्याय धुतला जात नाही.

१९८५ ची कथा निराळी आहे. दोन्ही संघांच्या एकेका गड्यास एकाच वेळी शिक्षा झाली, तर तोवर चौघांविरुद्ध चौघे खेळत, आणि त्या मोकळ्या बर्फावर वेन ग्रेट्स्कीच्या एडमंटन संघाची चपळाई अनावर होई. लीगने बदली गडी उतरवण्याची परवानगी देऊन ती मोकळीकच काढून घेतली. येथे कोणत्या दंडाचे प्रमाण सुधारले? शिक्षा दोघांस सारखीच होती, तोटाही सारखाच होता. नाहीसे झाले ते केवळ एका संघाने कमावलेल्या कौशल्याचे क्षेत्र. कायद्याच्या मसुद्यातून विजेत्याचे नाव पुसले असता ज्याला दुसरे कारणच उरत नाही, तो कायदा सर्वांस समान भाषेत लिहिलेला असला तरी पक्षपातीच होय. ग्रेट्स्की १९८८ मध्ये एडमंटन सोडून गेला, आणि १९९२ मध्ये लीगने ती दुरुस्ती रद्द केली. १९५६ ची मात्र आजही कायम आहे.