घडवलं कुणी, अडवतं कोण

एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितलं. त्याला गोव्याकडून खेळायचं होतं. पुढच्याच महिन्यात त्याचं मन बदललं, त्याने अर्ज मागे घेतला आणि तो मुंबईचाच राहिला. प्रकरण मिटलं, पण मधल्या काळात जे बोललं गेलं ते माझ्या मनातून गेलेलं नाही. भदोहीहून आलेल्या, आझाद मैदानातल्या तंबूत झोपणाऱ्या पोराला मुंबईने घडवलं आणि तोच आता पाठ फिरवतो, म्हणजे कृतघ्नपणाची हद्द झाली, असा सूर होता. त्यानंतर वसईतल्या एका व्याख्यानात एका ज्येष्ठ क्रीडासमीक्षकांनी हाच सूर कॉलेजच्या खेळाडूंपर्यंत ताणला. पोरं फीमाफीसाठी कॉलेजं बदलतात, बदलणाऱ्याला वर्षभर बाहेर बसवा म्हणजे निष्ठा कळेल, असं ते म्हणाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी त्या सभागृहात होतो आणि त्या टाळ्या मला मान्य नाहीत.

मुंबईच्या क्रिकेटचा इतिहासच मुळी जागा बदलणाऱ्या पोरांनी लिहिला आहे. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेतून शारदाश्रममध्ये गेला तो आचरेकर सरांच्या सांगण्यावरून, क्रिकेटसाठी. १९८८ साली कांबळीबरोबरची ६६४ धावांची भागीदारी झाली ती शारदाश्रमच्या नावावर. दिनेश लाड सरांनी रोहित शर्माला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणलं, त्याची फी माफ करून घेतली. पालघरच्या शार्दूल ठाकूरला तर त्यांनी शाळेत आणलंच, शिवाय स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, कारण रोज पालघरहून ये-जा करून खेळ आणि अभ्यास दोन्ही जमणारे नव्हते. विरारचा पृथ्वी शॉ लोकलने वांद्र्याला जायचा. २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये त्याने ५४६ धावा केल्या त्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेसाठी. या सगळ्या पोरांना तेव्हा कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तुझ्या आधीच्या शाळेच्या निष्ठेचं काय? कुणी त्यांना वर्षभर बाहेर बसवलं असतं तर आज आपण कुणाच्या नावाने अभिमान मिरवला असता? मुंबईच्या दिशेने होणाऱ्या स्थलांतराला संधी म्हणायचं आणि मुंबईपासून दूर जाणाऱ्याला कृतघ्न ठरवायचं, हा न्याय मला समजत नाही. जून २०२५ मध्ये पृथ्वी शॉने प्रमाणपत्र घेतलं आणि तो महाराष्ट्राच्या संघात गेला, तेव्हाही विरारहून पहाटे निघणाऱ्या त्या पोराने कुणासाठी काय सोसलं याचा हिशेब टीकाकारांपैकी फारसा कुणी मांडला नाही.

चंद्रकांत पंडितांचं उदाहरण घ्या. मुंबईचा हा यष्टिरक्षक २०१५-१६ मध्ये मुंबईचा प्रशिक्षक म्हणून रणजी जिंकला. मग विदर्भात जाऊन २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा जिंकला. २०२२ च्या अंतिम सामन्यात तर त्यांच्या मध्य प्रदेशने खुद्द मुंबईलाच हरवलं. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. आपलं कसब घेऊन माणूस जिथे काम मिळेल तिथे जातो, यात गैर काय आहे? मग जो हक्क साठीच्या प्रशिक्षकाला आहे तो एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला का नसावा?

घडवल्याच्या ऋणाचा मुद्दा तसा जुना आहे. प्लेटोच्या ‘क्रायटो’मध्ये तुरुंगातल्या सॉक्रेटिसासमोर अथेन्सचे कायदेच बोलू लागतात. आम्ही तुला जन्म दिला, वाढवलं, शिकवलं, आता आम्हाला मोडून पळून जाशील काय, असं ते विचारतात. निष्ठेची बाजू इतकी जोरकसपणे क्वचितच कुणी मांडली असेल. पण तेच कायदे पुढे सांगतात, की ज्या अथेनियनाला आम्ही पटत नाही त्याने आपली चीजवस्तू घेऊन हवं तिथे जावं, आम्ही अडवत नाही. सॉक्रेटिस सत्तर वर्षं राहिला तो स्वखुशीने, आणि त्याच्यावर कायद्यांचा हक्क उभा राहतो तो एवढ्याचसाठी. वाट मोकळी असताना जो राहतो त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणता येईल. ज्याचा दाखला कपाटात बंद आहे, त्याच्या राहण्याला काय म्हणायचं?

दाखला कपाटात बंद असतो, हे मी अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. नालासोपारा पूर्वेला तुळिंजमध्ये राहणारी खो-खोची एक खेळाडू माझ्या ओळखीची आहे. तिच्या कॉलेजात प्रशिक्षक येईनासे झाले, सराव बंद पडला. दुसऱ्या वर्षाला तिने दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घ्यायचं ठरवलं. ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, जिमखान्याच्या सरांची सही आणा. सर म्हणाले, आधी आपल्या कॉलेजच्या मॅचेस होऊ देत, मग बघू. ती रोज खिडकीशी उभी राहायची, हातात अर्ज, त्यावर सहीची जागा कोरी. नव्या कॉलेजची प्रवेशिका भरायची मुदत संपली तेव्हा सही झाली. सराव नसलेल्या संघातून खेळायला तिने नकार दिला, त्यामुळे तो मोसम दोन्हीकडून गेला. पदवीच्या तीन वर्षांत एक मोसम म्हणजे एक तृतीयांश आयुष्य. शिवाय राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या खेळाच्या प्रमाणपत्राच्या आशेवरच आमच्याकडची कितीतरी घरं मुलींना मैदानावर पाठवतात. निष्ठा शिकवायची म्हणून कुणाचं काय हिरावून घेतलं जातं, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनी त्या खिडकीशी उभं राहून बघावं.

अमेरिकेतही हेच चाललं होतं. तिथल्या प्रमुख महाविद्यालयीन खेळांत विद्यापीठ बदललं की एक वर्ष बाहेर बसायचं, असा दंडक वर्षानुवर्षं होता. प्रशिक्षक मात्र मोठ्या पगारावर दुसरीकडे गेला तरी लगेच कामाला लागायचा. २०२१ मध्ये एका बदलीची मुभा मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने उरलेली अडवणूक रोखली आणि एप्रिल २०२४ मध्ये अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूंना कितीही वेळा बदलायची मोकळीक झाली.

इथवर मी एकच गोष्ट मागतो आहे: वाट मोकळी करा. पण माझा आवडता अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन मला तेवढ्यावर थांबू देत नाही. बर्लिनमध्ये जन्मलेला हा माणूस १९३३ मध्ये जर्मनी सोडून निघाला, स्पेनमध्ये लढला, मार्सेयमधून निर्वासितांना बाहेर काढायला मदत केली आणि पुढे अमेरिकेत स्थिरावला. सोडून जाणं म्हणजे काय हे त्याने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. १९७० च्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकाची कल्पना त्याला नायजेरियाच्या रेल्वेवरून सुचली. ट्रकची स्पर्धा असूनही ती रेल्वे सुधारत नव्हती. असं का? ज्यांना तिच्या गैरकारभाराचा सर्वांत जास्त त्रास होत होता, जे ओरडले असते, तेच आधी ट्रककडे वळले. मागे उरले ते गप्प बसणारे, आणि तोटा भरून द्यायला सरकारी तिजोरी होतीच. नालासोपाऱ्याच्या माणसाला हे उलट बाजूने कळतं. आम्हाला लोकलशिवाय पर्याय नाही, म्हणून गाडी रद्द झाली की आम्ही रुळांवर उतरतो.

हिर्शमनचा एक धडा माझ्या बाजूचा आहे. खेळाडू जाऊ शकतो हे माहीत असेल तरच जिमखाना त्याचं ऐकतो. निष्ठेलाही तो मान देतो, कारण निष्ठावान माणूस लगेच उठून जात नाही, आधी भांडतो. पण जाण्याची शक्यताच नसेल तर त्या भांडणाला धार राहत नाही. त्याचा दुसरा धडा मात्र माझ्याविरुद्ध जातो. वाट पूर्ण मोकळी केली की सर्वांत आधी सर्वांत चांगला खेळाडू जातो. वसई-विरारमधल्या छोट्या कॉलेजाने, गल्लीतल्या क्लबने चार वर्षं घडवलेली कबड्डीची चढाईपटू दादर-परळचं नामांकित कॉलेज फीमाफी देऊन एका जूनमध्ये उचलतं. जी सरावासाठी, चटईसाठी, प्रशिक्षकासाठी भांडली असती तीच गेली. उरलेल्या अकराजणींचं काय? आणि ज्या सरांनी पहाटे साडेपाचला मैदानावर पाणी मारलं त्यांचं? त्या ज्येष्ठ समीक्षकांच्या रागात हे दुःख असेल तर ते खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही.

त्यांचा इलाज मात्र चुकीच्या माणसावर चालतो. वर्षभर बाहेर बसते खेळाडू. तिला उचलणाऱ्या कॉलेजाला काय होतं? काहीच नाही. आणि घडवणाऱ्या सरांना काय मिळतं? तेही काहीच नाही. फुटबॉलमध्ये निदान एक वाट काढली आहे. खेळाडू एका देशाच्या क्लबकडून दुसऱ्या देशाच्या क्लबकडे बदलीची रक्कम ठरवून गेला, की फिफाच्या नियमाप्रमाणे त्या रकमेचे पाच टक्के त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. कॉलेजच्या खेळात अशा रकमा नसतात, पण तत्त्व तेच लावता येतं. बंधन हवं ते घेणाऱ्यावर हवं, आणि हक्क हवा तो घडवणाऱ्याला हवा.

म्हणून आता मी मोकळीक मागतो ती दोन अटींसह. मोसम सुरू झाल्यावर बदल नको, कारण संघातल्या बाकीच्या मुलींनी तिच्या भरवशावर सराव केलेला असतो. मोसमांच्या मधे मात्र कुणाचीही सही लागू नये. विद्यापीठाने नोंद करावी आणि दाखला ठरलेल्या मुदतीत मिळावा. आणि बाहेरून तयार खेळाडू घेणाऱ्या कॉलेजाने तिच्या आधीच्या कॉलेजाच्या किंवा क्लबच्या मैदानखर्चात वाटा उचलावा, तिला पदक मिळालं तर त्याच्या गुणांतही वाटा द्यावा. सुरुवात स्पर्धेच्या प्रवेशिकेपासून करता येईल. पहिला प्रशिक्षक आणि पहिला क्लब असा एक रकाना त्यात घाला आणि तो खेळाडूने स्वतः भरू दे. कॉलेजं यावरून भांडतील, खोटे दावेही येतील, एकाच मुलीवर तिघे हक्क सांगतील. ती भांडणं विद्यापीठाच्या क्रीडा विभागात होऊ देत. मुलगी तोवर मैदानावर असेल.