हिऱ्याचे जन्मगाव

विवाहाची नोंद करण्यासाठी वधूवर आमच्या कचेरीत येतात, तेव्हा सर्वप्रथम आम्ही त्यांच्याकडे स्नानसंस्काराचा दाखला मागतो. जन्म कोठे झाला, आईवडील कोण, कोणत्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत नाव चढले, हे सारे त्या एका कागदावर असते. दोन वर्षांपूर्वी असेच एक जोडपे आले होते. कागदपत्रे पाहून झाल्यावर मुलीने पर्समधून एक मखमली डबी काढली आणि संकोचाने टेबलावर ठेवली. “फादर, अंगठी पाहा ना. हिऱ्याची आहे. सर्टिफिकेटसुद्धा आहे.”

सर्टिफिकेट आम्ही वाचले. हिऱ्याचे वजन, रंग, स्वच्छता आणि पैलूंची घडण, अशा चार गोष्टी त्यात बारकाईने नोंदल्या होत्या. “हा हिरा कुठला?” आम्ही सहज विचारले. “दुकानातला, फादर!” मुलगा म्हणाला आणि आम्ही तिघेही हसलो. त्या हसण्यात प्रश्न विरून गेला.

ते गेल्यावर मात्र तो परत आला. दोन माणसांच्या जन्मगावाची इतकी चौकशी करणारे आम्ही, त्यांच्या बोटावर जन्मभर राहणाऱ्या दगडाचे जन्मगाव कधी विचारले होते काय? सत्तावीस वर्षांच्या सेवेत शेकडो अंगठ्यांवर आम्ही पवित्र पाणी शिंपडले असेल. हा प्रश्न एकदाही मनात आला नव्हता.

कोणी म्हणेल, दगडाचे जन्मगाव विचारायचे कशाला? हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. कोणत्याही देशाच्या मातीतून निघाला तरी पैलू पाडल्यावर तो सारखाच चमकतो. हे खरे आहे, आणि सारी अडचण नेमकी तेथेच आहे.

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या लहानशा देशात १९९१ साली यादवी युद्ध पेटले, ते जानेवारी २००२ मध्ये संपले. त्या देशाच्या पूर्व भागातील कोनो जिल्ह्यात नदीकाठच्या गाळात हिरे सापडतात. त्यासाठी मोठ्या यंत्रांची गरज नसते. फावडे, चाळणी आणि वाकणारी पाठ एवढे भांडवल पुरते. बंडखोरांनी ती भूमी बळकावली, गावकऱ्यांना खणण्यास जुंपले आणि हिरे शेजारच्या लायबेरियामार्गे बाहेर पाठवून शस्त्रे मिळवली. हजारो निरपराध माणसांचे हातपाय तोडण्यात आले. खेळण्याबागडण्याच्या वयातील मुलांच्या हाती बंदुका आल्या. लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना या अत्याचारांना साहाय्य केल्याबद्दल विशेष न्यायालयाने २०१२ साली दोषी ठरवून पन्नास वर्षांची शिक्षा दिली.

न्याय झाला, असे आपण म्हणू. परंतु त्या दहा वर्षांत खणून काढलेले हिरे कोठे गेले? ते जगाच्या बाजारात मिसळून गेले. हिरा झिजत नाही, कुजत नाही. याचा अर्थ, ते हिरे आजही कोणाच्या तरी बोटावर वा कानात आहेत, आणि ज्यांच्याजवळ आहेत त्यांना ते ठाऊक नाही. ज्या टिकाऊपणाचे आपण कौतुक करतो, तोच येथे मनाला बोचतो.

जगाने काहीच केले नाही, असे मात्र नाही. अंगोलातील बंडखोर अशाच रीतीने हिऱ्यांवर युद्ध चालवीत होते. त्याविरुद्ध १९९८ साली संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले. पुढे सरकारे, व्यापारी आणि स्वयंसेवी संस्था एकत्र बसल्या आणि १ जानेवारी २००३ पासून ‘किंबर्ली प्रक्रिया’ सुरू झाली. कच्चे हिरे सीलबंद पेटीतून आणि सरकारी दाखल्यासहच एका देशातून दुसऱ्या देशात जावेत, असा हा नियम. आपला देशही तिचा सदस्य असून २००८ आणि २०१९ या वर्षी तिचे अध्यक्षपद भारताकडे होते. किंबर्ली हे दक्षिण आफ्रिकेतील गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथल्या खाणींतील कृष्णवर्णीय कामगारांना कराराची मुदत संपेपर्यंत कुंपणबंद आवारात कोंडून ठेवीत आणि बाहेर पडताना त्यांची अंगझडती घेत. हिऱ्याच्या शुद्धीकरणाला त्या गावाचे नाव मिळावे, हाही इतिहासाचा एक धडाच म्हटला पाहिजे.

या दाखल्याने पुष्कळ काही साधले. बंडखोरांची वाट अवघड झाली. परंतु त्याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. पहिली मर्यादा व्याख्येची. कायदेशीर सरकार उलथण्यासाठी लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारा कच्चा हिरा, तोच ‘संघर्षाचा हिरा’, असे ही प्रक्रिया मानते. मग बंदूक सरकारचीच असेल तर? झिंबाब्वेतील मारांगे येथे २००८ च्या अखेरीस लष्कराने गरीब खणणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. दोनशेहून अधिक माणसे मारली गेल्याचे मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने पुढल्या वर्षी नोंदवले. तरी २०११ च्या नोव्हेंबरात तेथील निर्यातीला संमती मिळाली. ज्या ‘ग्लोबल विटनेस’ संस्थेने हा प्रश्न प्रथम जगापुढे मांडणाऱ्यांत पुढाकार घेतला होता, ती त्याच डिसेंबरात या प्रक्रियेतून बाहेर पडली.

दुसरी मर्यादा अशी की, हा दाखला कच्च्या हिऱ्यांच्या पेटीचा असतो, एकेका हिऱ्याचा नव्हे. व्यापाराच्या वाटेवर अनेक देशांचे हिरे एकत्र होतात, तेव्हा दाखल्यावर ‘मिश्र’ असे लिहिले तरी चालते. हिऱ्याला पैलू पडले की तो दाखलाही मागे राहतो. त्यापुढे उरते ते विक्रेत्याने बिलावर छापलेले एक वाक्य की, हा माल वैध मार्गाने आला आहे. ते वाक्य खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. पण ते वाक्य आहे, उत्तर नव्हे.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे येऊ. दूर देशी, दूर काळी घडलेल्या पापात ग्राहकाचा वाटा किती? “मला ठाऊक नव्हते” एवढे म्हटल्याने तो मोकळा होतो काय?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत थॉमस अक्वायनस यांनी केलेली अज्ञानाची मीमांसा आम्ही पाठ केली होती. काही अज्ञान असे असते की, माणसाने कितीही धडपड केली तरी ते दूर होत नाही. त्याचा दोष माणसाला लागत नाही. काही अज्ञान आळसातून राहते. विचारले असते तर कळले असते, पण विचारले नाही. आणि काही अज्ञान माणूस मुद्दाम जपतो. कळले तर मन मोडेल, बेत बदलावा लागेल, म्हणून तो विचारीतच नाही. हे तिसरे अज्ञान दोष कमी करीत नाही, उलट वाढवते.

गावातील म्हातारीने नातीच्या लग्नात कर्णफुले घेतली, तर तिचे अज्ञान पहिल्या प्रकारचे. शिकलेल्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाचे दुसऱ्या प्रकारचे. आमचे कोणते? आम्ही प्रश्न विचारला होता आणि हसण्यात घालवला होता. ते दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सरकू लागलेले अज्ञान होते, असे आज प्रामाणिकपणे म्हणावे लागते.

नीतिशास्त्र आणखी एक गोष्ट सांगते. दुसऱ्याच्या दुष्कृत्याशी आपला संबंध दूरचा आणि नकळतचा असेल, आणि आपल्याजवळ तेवढे सबळ कारण असेल, तर आपण दोषी ठरत नाही. औषध घेणाऱ्याने औषधाच्या कारखान्याचा सारा इतिहास तपासावा, असे कोणी म्हणणार नाही. जीव वाचवणे हे सबळ कारण आहे. हिऱ्याच्या बाबतीत आपले कारण कोणते? “लग्नात हिराच लागतो, रीत आहे.” ही रीत कोणाची? आमच्या आजी-पणजीच्या बोटात साधी सोन्याची अंगठी असे आणि त्यांचे संसार काही कमी टिकले नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील खाणी सापडल्यावर हिरे उदंड झाले. १८८८ साली स्थापन झालेल्या डी बिअर्स कंपनीने पुरवठा आपल्या मुठीत ठेवून भाव सांभाळले. १९३८ पासून तिने अमेरिकेतील एका जाहिरात संस्थेकडे काम सोपवले आणि १९४७ साली त्या संस्थेतील फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने हिऱ्याच्या चिरंतनत्वाचे ते सुप्रसिद्ध वाक्य लिहिले. जी आपल्याला परंपरा वाटते, ती मुख्यतः विक्रीची योजना होती. कारण इतके हलके असेल, तर चौकशीचे कर्तव्य तितकेच जड होते.

मग हिरा घेणेच सोडावे काय? हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच त्यावर थोडे थांबून विचार करावा. बोट्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला, तेव्हा तो जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. पुढल्याच वर्षी तेथे ओरापाचा साठा सापडला. सरकारने खाणीत बरोबरीचा वाटा मिळवला आणि त्या उत्पन्नातून रस्ते, शाळा आणि दवाखाने उभे केले. आपल्याकडे पाहा. संख्येने मोजल्यास जगातील दहापैकी सुमारे नऊ हिऱ्यांना सुरतेच्या कारागिरांचे हात पैलू पाडतात. मुंबईत तर त्या व्यापाराची मोठी पेठच आहे. २००८ च्या मंदीत मागणी घटली, तेव्हा सुरतेत हजारो रत्नकलाकारांची रोजी गेली. ज्या दुष्टांना आपण शिक्षा करू पाहतो त्यांच्याआधी नगावर मजुरी घेणारा कारागीर उपाशी राहतो. कारखान्यात घडवलेला हिरा घ्यावा, असेही सुचवले जाते. त्यातही हिऱ्याचे सारे गुण असतात आणि खाणीतील रक्ताचा प्रश्न उरत नाही. पण त्याने खणणाऱ्याची भाकरही उरत नाही. तेव्हा कोणताही मार्ग घेतला तरी हात पूर्ण कोरडे राहत नाहीत. केवळ आपली निष्कलंकता जपणे हे नीतीचे अखेरचे ध्येय नव्हे. दूरच्या माणसाचे काय होते, हेही तिला पाहावे लागते.

जन्मगाव माहीत असले म्हणजे काय होऊ शकते, याचे एक उदाहरण त्याच कोनो जिल्ह्यात आहे. २०१७ च्या मार्चमध्ये इमॅन्युएल मोमो या पाद्रींच्या खाणकामात कोर्यार्डू गावी ७०९ कॅरटचा कच्चा हिरा सापडला. चोरट्या मार्गाने तो विकणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तो सरकारच्या स्वाधीन केला. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये त्याला सुमारे पासष्ट लाख डॉलर मिळाले आणि त्यातील अर्ध्याहून अधिक रक्कम पाणी, वीज, शाळा, रस्ते यांसाठी वापरण्याचे जाहीर झाले. ‘शांतीचा हिरा’ म्हणून तो ओळखला जातो. त्याच मातीतील दुसरे हिरे अनाम होऊन गेले. याला नाव राहिले, कारण एका माणसाने ते लपवले नाही.

म्हणून आमच्या मते ग्राहकाचे पहिले कर्तव्य ना त्याग आहे, ना खरेदी. त्याचे पहिले कर्तव्य विचारणे हे आहे. एकट्याने विचारल्याने बाजार बदलत नाही, हे आम्ही जाणतो. पण दुकानदाराला जे कोणीच विचारीत नाही, ते तोही पुढे विचारीत नाही.

ते जोडपे आठवड्याने परत आले. आमचा प्रश्न त्यांनी आमच्यापेक्षा अधिक मनावर घेतला होता. ती दोघे दुकानात गेली होती. दुकानदाराने बिलावरचे ते छापील वाक्य दाखवले. “देश कोणता?” मुलीने विचारले. माल सुरतेहून येतो, त्यापलीकडचे आपल्याला माहीत नाही, असे त्याने सांगितले. इतक्या वर्षांत हे विचारणारे गिऱ्हाईक पहिलेच, असेही तो म्हणाला. घाऊक व्यापाऱ्याकडे चौकशी करीन, असे आश्वासन त्याने दिले. लग्नापर्यंत उत्तर आले नाही.

“आता काय करू, फादर?” तिने विचारले. आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. अंगठी मुलाने वर्षभराच्या पगारातून पैसे साठवून घेतली होती. ती परत करा, असे सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही, आणि तो आमचा अधिकारही नव्हता. विवाहाच्या दिवशी आम्ही त्या अंगठीवर पवित्र पाणी शिंपडले आणि ज्या अनोळखी माणसाने तो दगड मातीतून वर काढला, त्याच्यासाठी मनातल्या मनात प्रार्थना केली.

तेव्हापासून कचेरीत कोणी मखमली डबी उघडली, की आम्ही तोच प्रश्न विचारतो. फरक इतकाच, की आता विचारून झाल्यावर आम्ही हसत नाही. उत्तराची वाट पाहतो.