सोडून दिलेला मासा

ऑगस्टमधला रविवार. सिन्नरच्या बाजूचा एक पाझर तलाव पावसाने निम्मा भरला होता. काठापासून दहा-बारा हातांवर पाण्याचा एक तुकडा लालसर दिसत होता आणि सारखा थरथरत होता. मरळीची पिल्लं. शेकडो. हवा घ्यायला एकदम वर यायची आणि एकदम खाली जायची. त्यांच्या खाली आई-बाप असणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी रबरी बेडूक बरोबर त्या पुंजक्यावरून ओढला. पहिल्याच फेकीत पाणी फुटलं.

दोन किलोची असेल. मोजपट्टी लावली, फोटो काढले, ओल्या हातांनी धरून अलगद पाण्यात सोडली. तिने शेपटीचा फटकारा मारला आणि गेली. मला फार छान वाटलं. आपण मारलं नाही, आपण खाटीक नाही.

पलीकडे जाळं आवरत एक म्हातारे बाबा बसले होते. तलावाचा ठेका त्यांच्या सोसायटीकडे असतो, मी त्यांना विचारूनच गळ टाकायचो. ते म्हणाले, "सोडली ते बरं केलं भाऊ. पण तू फोटो काढत होता तवर पिल्लांकडं कोण बघत होतं?"

मी वळून पाहिलं. पुंजका फुटला होता आणि त्याच्या कडेने छोटे मासे पाण्यावर उड्या मारत होते. त्यांची मेजवानी चालू होती.

मासेमारीचा नाद मला यूट्यूबवरून लागला. दिवसभर कोड, रात्री अमेरिकन लोकांचे बास पकडण्याचे व्हिडिओ. बास आपल्याकडे नाही, पण मरळ आहे. तीही तशीच दबा धरून बसते आणि तशीच झडप घालते. त्या व्हिडिओंमधून मी रॉड, रील, रबरी बेडूक शिकलो, आणि एक नीतीही शिकलो: पकडा आणि सोडा. बासच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉटने 1972 साली मासे जिवंत सोडण्याचा नियम आणला, आणि पुढे तो सभ्य मासेमाराची ओळखच बनला.

गंमत अशी, की त्याच अमेरिकेत, अनेकदा त्याच तळ्यात, क्रॅपी नावाचा तळहाताएवढा मासा असतो. बासवाले त्याच्याकडे वळतात तेव्हा जाड दोरी जाते, मोठा गळ जातो, जोराचा हिसका जातो. क्रॅपीचं तोंड इतकं नाजूक, की हिसका दिला तर फाटतं. आणि तो बहुतेक वेळा सोडायचा नसतो, तळायचा असतो. एकाच माणसाच्या दोन नीती. मोठा मासा खेळासाठी, म्हणून सोडायचा. छोटा पोटासाठी, म्हणून मारायचा. यातली कुठली नीती जास्त स्वच्छ?

बाबांच्या प्रश्नानंतर मी वाचायला लागलो. मरळ हवेतून श्वास घेते आणि पिल्लांची आठवडेच्या आठवडे राखण करते. त्या काळात बेडकावर तिने मारलेली झडप नेहमी भुकेची नसते. ती चाल करून आलेल्यावर धावून जात असते. म्हणजे मी तिच्या हावरटपणाला आमिष दाखवलं नव्हतं. मी तिच्या आईपणाला गळ टोचला होता.

तिला दुखलं का? 2003 साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या चेतातंतूंची नोंद केली. ओठांत आम्ल टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले आणि बराच वेळ अन्नाकडे फिरकले नाहीत. याच्या एकच वर्ष आधी जेम्स रोझ यांनी उलट मांडणी केली होती: वेदनेची जाणीव व्हायला मेंदूचा जो भाग लागतो तो माशांना नाहीच. वाद अजून संपलेला नाही. पण संशयाचा फायदा कुणाला द्यायचा हा प्रश्न विज्ञानाचा नाही, आपला आहे. स्वित्झर्लंडने तो माशाला दिला. तिथे सोडून देण्याच्या इराद्याने मासा पकडणंच बेकायदा आहे. खायचा असेल तर पकडा, नाहीतर गळ टाकू नका. ज्याला मी दया म्हणत होतो तिला त्या कायद्यात क्रौर्य म्हटलंय.

आमच्या धंद्यात रोलबॅक नावाची सोय असते. बदल चुकला की आधीची स्थिती परत आणायची. मासा सोडताना मला तसंच वाटायचं, जणू काही घडलंच नाही. पण मरळ परत गेली, तरी मधली दहा मिनिटं परत गेली नाहीत.

मग मी चिलापीकडे वळलो. बांबूची काठी, पातळ दोरी, नखाएवढा गळ, तरंगायला मोरपिसाचा देठ, आमिषाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. पहिले दोन रविवार रिकाम्या हाताने आलो, कारण सवय हिसक्याची होती. चिलापी आधी नुसतं चाचपते. देठ थरथरतो, थांबतो, मग तिरका होऊन सरकतो. तेव्हा मनगट फक्त उचलायचं. तिसऱ्या रविवारी सहा मिळाल्या. मारणं मी पहिल्यांदा केलं. डोक्यावर एक घाव, लगेच, तडफडत न ठेवता. हात थरथरत होते. घरी खवले काढताना आईने विचारलं, "बाजारात मिळत नाहीत का?" मिळतात, आणि स्वस्तही मिळतात.

तिचा प्रश्न टाळता येत नाही. मी भुकेला नाही, पगारदार आहे. खाण्यासाठी मारतो असं म्हणणं हे खेळाला चढवलेलं सोवळंच नाही का? चिलापी परकी आहे, 1952 साली बाहेरून आणली आणि सगळीकडे पसरली, हेही सांगून पाहिलं. पण ती स्वतःहून आली नव्हती. माणसाच्या चुकीची शिक्षा माशाला देऊन पुण्य मिळत नाही. आणि सोडण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे: मोठी मादी जास्त अंडी देते, ती जिवंत राहिली तर तलाव जिवंत राहतो. सगळेच खाणारे झाले, तर उरणार काय?

नाशिकमध्ये वाढलेल्याला सुवर्णमृग वेगळा सांगावा लागत नाही, गोष्ट आमच्या पंचवटीतली. लहानपणी मला त्यात फक्त मारीचाचं कपट दिसायचं. आता दिसतं, की रामाला त्या दिवशी भूक नव्हती. हरीण सुंदर होतं, म्हणून हवं होतं. माझी मरळही तशीच होती. मला मासा नको होता, फोटो हवा होता.

मागच्या महिन्यात बाबांच्या जाळ्यात एक चिलापी आली. हातात घेताच तिच्या तोंडातून पिवळी अंडी सांडली. ही मादी अंडी तोंडात सांभाळते, त्या काळात जवळजवळ खातही नाही. म्हणजे आईपण इथेही होतंच. निष्पाप बाजू बदलून बसलोय असं वाटत होतं, तशी बाजूच नव्हती. बाबांनी तिला जाळ्यातून मोकळं केलं आणि पाण्यात टाकलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीपण सोडता?"

"मग? पुढच्या साली काय खायचं?"

त्यात दया नव्हती, मिरवणं नव्हतं, फोटो तर नव्हताच. तरी माझ्या सगळ्या सोडण्यांपेक्षा ते सोडणं मला खरं वाटलं, कारण ते माशासाठी आणि तलावासाठी होतं. माझं माझ्यासाठी होतं.

हल्ली मी तीन गोष्टी पाळतो. पिल्लांच्या पुंजक्याजवळ आमिष टाकत नाही. घरात खाल्ले जातील तेवढेच मासे पकडतो आणि मग काठी गुंडाळतो. आणि चुकून लागलेला मासा सोडावा लागला, तर त्याचं श्रेय घेत नाही. याने मी निर्दोष होतो असं नाही. पूर्ण निर्दोष व्हायचं असेल तर काठी घरीच ठेवावी लागेल, आणि तेवढी माझी अजून तयारी नाही. गेल्या रविवारी तलावावर पुन्हा तो लालसर तुकडा थरथरताना दिसला. रबरी बेडूक अजून माझ्या पिशवीत असतो. हात तिकडे गेला होता, हे कबूल केलं पाहिजे.