खिडकीमागचा धर्म

हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावात सरकार मुंबईत नसतं. ते तहसीलमधल्या पुरवठ्याच्या टेबलावर, सेतू केंद्राच्या खिडकीत, सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या रांगेत असतं. तिथल्या माणसाने हात आखडता घेतला की आलेल्या माणसापुरतं सरकार संपलं. म्हणून हा प्रश्न इथेच विचारायला हवा: तृतीयपंथी किंवा समलिंगी माणसाचं काम करणं एखाद्या कर्मचाऱ्याच्या धर्मबुद्धीला पटत नसेल, तर त्याने काय करावं?

धर्मबुद्धी उडवून लावण्याची गोष्ट नाही. सकाळी परमेश्वराच्या मंदिरात जाऊन कचेरीत येणारा कारकून आणि फजरची नमाज पढून येणारा त्याचा सहकारी, दोघांची श्रद्धा खरी असते. ती खुंटीला टांगून कामाला या, असं कुणी म्हणू नये. घटनेचं कलम 25 सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. पण ते देतानाच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदी यांच्या अधीन ठेवतं. म्हणजे कलम 14 ची समानता ओलांडून कुणाची श्रद्धा पुढे जाऊ शकत नाही.

लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या लिलियन लडेल या विवाह निबंधकाची हकिकत मला विचारात पाडते. त्या 2002 पासून निबंधक होत्या. 2005 च्या अखेरीस समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीचा कायदा अमलात आला आणि ते काम त्यांच्याकडे आलं. त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेत ते बसेना. आधी त्या सहकाऱ्यांशी पाळी बदलून घेत. पुढे नगरपरिषदेने ते चालू दिलं नाही. वाद न्यायालयात गेला आणि शेवटी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी 2013 मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. नोकरी धरली तेव्हा हे काम नव्हतंच, हे त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. लंडनमध्ये दुसरा निबंधक शेजारच्या खोलीत होता, म्हणून ‘हे काम दुसऱ्याने करावं’ असं म्हणायला तरी जागा होती. हिमायतनगरला दुसरा कुठून आणायचा? इथे ‘दुसरीकडे जा’ म्हणजे भोकरमार्गे नांदेड गाठा, गाडीभाडं भरा आणि दिवसाची मजुरी बुडवा. श्रद्धा खिडकीमागच्या माणसाची, भुर्दंड खिडकीपुढच्याला. इथेच मला हा युक्तिवाद अमान्य होतो.

‘पण त्याची श्रद्धा प्रामाणिक आहे’ असं कुणी म्हटलं की मला बडोदा आठवतं. 1917 साली बाबासाहेब आंबेडकर तिथे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. ते शिपाई ढोंग करत नव्हते. विटाळ होईल अशी त्यांची मनापासूनची समजूत होती, धर्मानेच ती दिली होती. त्यांच्या प्रामाणिकपणाने त्या फेकलेल्या फायलींचा अपमान तसूभरही कमी झाला नाही. पुढे घटनेने अस्पृश्यता नष्ट केली, ती अशा माणसांची मनं बदलण्याची वाट न पाहता.

अमेरिकेत केंटकीच्या रोवन काउंटीतल्या क्लार्क किम डेव्हिस यांनी 2015 मध्ये समलिंगी विवाह श्रद्धेला पटत नाही म्हणून विवाह परवाने देणं थांबवलं. त्या चुकल्या असं माझं ठाम मत आहे. पण आपण नकार देतो आहोत आणि का देतो आहोत, हे त्यांनी उघड सांगितलं आणि त्यासाठी काही दिवस तुरुंगात काढले. आपल्याकडे नकार असा कधी बोलला जात नाही. ‘कागद अपुरे आहेत’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘सोमवारी या’. आधार कार्डावर पुरुषाचं नाव आणि फोटोत साडी, एवढं दिसलं की कागद टेबलाच्या कडेला सरकतो, शेजारचा हसतो, रांग पुढे जाते. मुलाच्या जन्माला, दुकानाच्या मुहूर्ताला याच माणसांचा आशीर्वाद मागून घेणारा समाज हा.

तोंडी नकाराला अपील नसतं. लेखी नकाराचं काय होतं, ते जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकने दाखवलं. अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिला राखीव जागेवरचा ग्रामपंचायतीचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. फेटाळल्याचा आदेश होता, म्हणून त्या खंडपीठात जाऊ शकल्या. नांदेडची प्रकरणं जातात त्याच औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये तो आदेश रद्द केला, आणि त्या निवडून आल्या.

2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने सेवांमधला भेदभाव आधीच निषिद्ध केला आहे. महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा नाकारायची तर लेखी कारण द्यावं लागतं, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. 2024 मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं, की एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडीदारांना रेशन कार्डासाठी एकाच कुटुंबातले धरावं. असं जोडपं उद्या हिमायतनगरच्या पुरवठा शाखेत आलं आणि तिथल्या कर्मचाऱ्याचं मन धजलं नाही, तर त्याने तहसीलदारांकडे आपली बदली मागावी. ती मागणं हा त्याचा हक्क आहे. मात्र बदलीचा आदेश निघेपर्यंत टेबल त्याचंच आहे. नाकारायचंच असेल, तर अर्जावर कारण लिहून खाली सही-शिक्का करावा. जोडप्यानेही ते घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.