लेखणी उचललेली असताना

झोपेत घडलेल्या गोष्टींचा हिशोब माणसाकडे मागितला जात नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिघांवरून लेखणी उचललेली असते, असे हदीसमध्ये आहे : झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि वेडा शुद्धीवर येईपर्यंत. यात फार मोठी दया आहे. पण झोपलेल्याला आपण स्वप्नात आहोत हे ठाऊक असेल तर?

हा प्रश्न आमच्यापुढे चंदनसारच्या घरी, रमजानमधल्या एका पहाटे आला. सहरी आणि फजर आटोपून आम्ही पुन्हा आडवे झालो. स्वप्नात रस्त्याने चाललो होतो. जीवदानीचा डोंगर भलत्याच बाजूला उभा दिसला. असे कसे, म्हणून थबकलो आणि लख्ख कळले की हे स्वप्न आहे. तरी जाग आली नाही. उलट सारे अधिक स्पष्ट झाले. पायाखालचा ओला बांधही जाणवू लागला.

डच मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हॅन ईडन यांनी अशा सजग स्वप्नांना १९१३ साली नाव दिले. ती खरोखर पडतात याचा पुरावा १९७५ साली इंग्लंडमध्ये मिळाला. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू लुळे पडतात, डोळे मात्र हलत राहतात. कीथ हर्न यांच्या प्रयोगात अ‍ॅलन वर्स्ली यांनी स्वप्नात असतानाच, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीउजवीकडे फिरवले आणि यंत्राने ती खूण टिपली. २०२१ साली तर चार देशांतल्या संशोधकांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारले. आठातून सहा वजा केल्यावर किती, याचे उत्तर एकाने डोळे दोनदा हलवून दिले. स्वप्नांची ही झोप पहाटेकडे लांबत जाते. त्यामुळे मध्येच उठून पुन्हा झोपणाऱ्याला अशी स्वप्ने पडण्याचा संभव अधिक. रमजानमध्ये आपण नकळत तेच करतो.

पण कळणे वेगळे आणि हुकूम चालणे वेगळे. आमच्या स्वप्नातल्या बांधावर मरहूम अब्बा उभे होते. समोर आमचा भाताचा तुकडा होता. त्यावर इमारत उठून आता बरीच वर्षे झाली. तो विकावा म्हणून आम्हीच अब्बांच्या मागे लागलो होतो. त्यांनी सही केली आणि पुढे त्या विषयावर कधी एक शब्द काढला नाही.

स्वप्नात आम्ही इमारत नाहीशी करू शकलो, भात हिरवे करू शकलो. मन उतावीळ झाले की सारे विरू लागे; शांत राहिलो की पुन्हा स्थिर होई. अब्बा मात्र बोलेनात. अखेर आम्ही मनाचा जोर लावला. त्यांचे ओठ हलले, 'बरं केलंस' असे शब्द आले. पण आवाज आमचा होता.

जाग आली तेव्हा आम्हाला लाज वाटली. हा गुनाह होता का? आम्ही आलिम नाही, फतवा देण्याचा अधिकार आमचा नाही. आम्हाला एवढेच उमगले की सजग स्वप्नात डोंगर, वारा, भिंती कधी ऐकतात, कधी ऐकत नाहीत. पूर्णपणे आपल्या हाती असते ती फक्त नियत. आणि मनात आलेली गोष्ट बोलून वा करून दाखवेपर्यंत माफ आहे, हाही दिलासा आपल्याला दिलेला आहे.

आपल्या मुलखात स्वप्न घडवायचे नसते, ते यायचे असते. इस्तिखारा करणारा इशाऱ्याची वाट पाहतो, इशारा तयार करत नाही. तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात मिळाला, तो न मागता. म्हणूनच न पाहिलेले स्वप्न पाहिले म्हणून सांगणाऱ्याला हदीसमध्ये कडक ताकीद आहे : त्याला जवाच्या दोन दाण्यांची गाठ मारायला सांगितले जाईल आणि ती त्याला कधीच जमणार नाही.

त्या संध्याकाळी इफ्तारला आम्ही अम्मींना सांगितले, अब्बा स्वप्नात आले होते. खजूर हातातच राहिला. त्यांनी विचारले, ''काही बोलले का रे?''

त्या होकाराने त्यांच्याही मनावरचे ओझे उतरले असते. आणि शब्द तर आम्ही खरोखरच ऐकले होते! पण आता आम्ही जागे होतो, लेखणी परत खाली आली होती.

''नाही अम्मी,'' आम्ही म्हणालो, ''नुसते बांधावर उभे होते.''

अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ''भात कसं होतं?''

''हिरवं होतं,'' आम्ही सांगितले. पण ते हिरवे आम्हीच केले होते, हेही मग सांगून टाकले.