काचेतील अमानत

‘फाइंडिंग निमो’ या २००३ च्या चित्रपटातील निळी डोरी आपल्या मुलांना ठाऊक आहे. ती टँग जातीची. दुकानात हा मासा बोटाएवढा दिसतो; पूर्ण वाढला की सुमारे ३० सेंटिमीटर होतो. प्रवाळांवर दिवसभर पोहत शेवाळ खुडणारा हा जीव जळगाव-धुळ्याच्या दिवाणखान्यातील तीन फुटी पेटीत ठेवावा काय?

प्राणी पाळणे निषिद्ध नाही. बालक अबू उमैरपाशी एक चिमुकला पक्षी होता, प्रेषित (सल्ल.) यांनी त्याला मनाई केली नाही. मात्र दुसऱ्या हदीसमध्ये मांजर कोंडणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली. तिने त्याला ना खाऊ घातले, ना भक्ष्य शोधण्यास सोडले.

‘आम्ही रोज खाद्य घालतो,’ असे आपण म्हणाल. परंतु कोंडलेल्या जिवाच्या साऱ्याच गरजा कोंडणाऱ्यावर येतात, आणि पोहण्यास पुरेसे अंतर हीदेखील टँगची गरजच आहे. शिवाय मांजर सोडता येते. हा मासा कोठे सोडाल? तापी आणि पांझरा गोड्या पाण्याच्या नद्या. म्हणून येथे निर्णयाची वेळ एकच, खरेदीपूर्वीची. आज मावतो काय, हे पाहू नये; पूर्ण वाढलेला मावेल काय, हे पाहावे.

मावणार नसेल, तर मुलाला निमोच्या जातीचा लहान क्लाउनफिश द्यावा आणि नकाराचे कारणही सांगावे. मुक्या जिवाचा हक्क ओळखणे हीही तर्बियतच होय. अल्लाह आपणांस ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.